फडक्याचे पैसे

वणी तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेच्या ताईंनी विचारलं आहे: कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या नऊ गावांत आमचे बचत गट आहेत. हवामान बदलाच्या कामाला फाउंडेशनं पैसे देतात असं ऐकून सोलर ड्रायर, सोलर पिठाची गिरणी आणि पोरांचं सोलर प्रशिक्षण असा ३८ लाखांचा प्रस्ताव आम्ही दोन ठिकाणी दिला. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याने 'न्याय्य संक्रमणाचा मुद्दा स्पष्ट होत नाही' म्हणून परत पाठवला. हा पैसा मिळतो तरी कुणाला? आणि नेट-झिरोशी, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषूनही घ्यायचा या उद्दिष्टाशी, आमचा संबंध काय म्हणून दाखवायचा?

ताई, तुमचा प्रस्ताव मी दोनदा वाचला. काम चांगलं आहे, नऊ गावं तुम्ही खरोखर बांधलेली आहेत हेही दिसतं. पण ३८ लाखांतले ३१ लाख यंत्रांचे आहेत. उरलेल्या सातांत प्रशिक्षण, प्रवास, एक समन्वयक आणि छपाई. तुमचा प्रस्ताव तिथेच अडला. 'न्याय्य संक्रमण' (कोळसा सोडून स्वच्छ ऊर्जेकडे जाताना कोळशावर जगणाऱ्यांची आबाळ होऊ न देणं) हा त्यांनी दिलेला सभ्य शेरा आहे.

मी पंधरा वर्षं मागणाऱ्यांच्या बाजूला होते, नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात. पुढची नऊ वर्षं देणाऱ्यांच्या टेबलाशी बसले. तिथे दोन दिवसांत चाळीसेक प्रस्ताव वाचायचे असतात. जेवणानंतर सगळे सारखेच दिसू लागतात: पहिल्या पानावर तापमानवाढीचा एक परिच्छेद, मग गावाची लोकसंख्या, मग यंत्रांची कोटेशनं. मी सरळ शेवटून वाचायला लागले. तिसऱ्या वर्षाचं बजेट काय म्हणतं? बहुतेकांत तिसरं वर्षच नसायचं.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. रेल्वेत कोळसा भरतात त्या सायडिंगजवळच्या एका गावात आमच्याच पैशांतून एका सार्वजनिक इमारतीवर ५ किलोवॉटचं सोलर बसलं होतं. १ किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, म्हणजे २० युनिट यायला हवीत. मीटर त्याच्या निम्म्याच्या आसपास दाखवत होता. आम्ही इंजिनिअर पाठवायचं ठरवत होतो, तेवढ्यात गटाच्या अध्यक्षबाई मला शिडीवरून वर घेऊन गेल्या, कमरेचं फडकं काढलं आणि पॅनेलवरून एकदाच फिरवलं. फडकं काळं. "परवाच्या बाजाराला धुतलं होतं बाई," म्हणाल्या. पाणी खालून बादलीने चढवायचं, तेही त्यांनीच, फुकट, आणि आता त्यांचे गुडघे दुखतात.

मी दुसऱ्या वर्षासाठी एक ओळ सुचवली: आठवड्यातून दोनदा पॅनेल धुणे, महिना १५०० रुपये. वर्षाचे १८ हजार. समितीने ती ओळ काढली. कारण दिलं, 'आवर्ती खर्चाला आपण मदत करत नाही'. त्याच बैठकीत त्याच गावासाठी आणखी ३ किलोवॉटची पॅनेलं मंजूर झाली! मीही तिथेच बसले होते आणि सही केली, म्हणून दुसऱ्या कुणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

यंत्राला पैसे मिळतात, कारण यंत्राचा फोटो निघतो आणि त्यावर पाटी लावता येते. पण यंत्राला पैसे देणारे इतरही आहेत: सरकारी योजना, बँक, कधी खुद्द वीज कंपनी. बारा वेळा गावात जाऊन बसणं, कागद पुरे करणं, पहिल्या वर्षी फसलं तर सावरणं आणि चौथ्या-पाचव्या वर्षी बॅटरी बदलणं, याला ना बँक पैसे देते ना सरकार. देणगीचा पैसा तिथे लागतो. अन् तो आहेही थोडा. जगातल्या एकूण देणग्यांपैकी २ टक्क्यांहून कमी पैसा हवामान बदल रोखण्याच्या कामाकडे जातो. आयआयईडी या लंडनच्या संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार तर आंतरराष्ट्रीय हवामान निधींतला १० टक्क्यांहून कमी पैसा स्थानिक पातळीवरच्या कामासाठी ठेवलेला होता. इतका थोडका पैसा लोखंड आणि काच घेण्यात घालवायचा का?

दोन गावं शेजारी ठेवून बघा. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईत तीसेक वर्षं वीज नव्हती. २०१४ मध्ये ग्रीनपीसने तिथे १०० किलोवॉटची सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं वीजजाळं, उभारली. देशभर बातम्या झाल्या, तेव्हा मुख्यमंत्रिपदावर नसलेले नितीश कुमार आले, आणि गावकऱ्यांनी त्यांच्याकडे 'असली बिजली' मागितली. थोड्याच काळात तारेवरची वीज आली, तीही सोलरपेक्षा स्वस्त. बॅटऱ्या संपल्या, त्या कुणी बदलल्या नाहीत आणि पुढे त्या जागेत गुरं बांधली जाऊ लागली. उभारणाऱ्यांच्या हेतूत खोट होती असं मी म्हणणार नाही. पॅनेल २५ वर्षं टिकतं, साधी बॅटरी चार-पाच वर्षं, इन्व्हर्टर दहाच्या आतबाहेर. प्रकल्प बॅटरीच्या वयाने चालतो आणि आपण बजेट पॅनेलच्या वयाने लिहितो.

दुसरं गाव गुजरातच्या खेडा जिल्ह्यातलं ढुंडी. २०१६ मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी काढली, मिळून ५६.४ किलोवॉटची. पैसा बहुतेक आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या संयुक्त कार्यक्रमातला, शेतकऱ्यांचा हिस्सा छोटा. म्हणजे यंत्रालाही देणगी लागलीच. मग फरक कुठे पडला? त्यांनी वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार करून घेतला, युनिटला ४.६३ रुपयांनी. उरलेली वीज विकता आली तर शेतकरी विहिरीतून उगाच पाणी उपसणार नाही, हे पटवण्यासाठी प्रकल्पाने वर युनिटला सव्वा रुपया हरित ऊर्जेचा आणि सव्वा रुपया पाणी वाचवल्याचा बोनस दिला. सहा शेतकऱ्यांनी वीज विकायची ही कल्पना २०१६ मध्ये कुठल्याच बँकेने हातात धरली नसती. तो धोका देणगीने घेतला. दोन वर्षांत गुजरात सरकारने त्याच धर्तीवर सूर्यशक्ती किसान योजना आणली आणि २०१९ च्या पीएम-कुसुम या केंद्राच्या सौर पंपांच्या योजनेत ग्रिडला जोडलेल्या पंपांचा वेगळा घटकच आला. सहा माणसांपुरता घेतलेला धोका असा पुढे सरकारच्या पैशाला वाट करून देतो.

आपल्याकडे हे नवीन नाही. नव्वदच्या दशकात फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आला, तेव्हा मी नुकती कामाला लागले होते. त्यात मोठा पैसा लगेच मिळायचा नाही. आधी वर्ष-दीड वर्ष क्षमता बांधणीचं. छोट्या क्षेत्रावर काम करून दाखवायचं, श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी ग्रामसभेत ठरवायची, पाणलोट समिती निवडायची. शिवारफेरी काढून गटनंबरवार नियोजन करायचं, तेही त्या बांधावर नवरा-बायको दोघांना उभं करून. मगच नाबार्डकडून मोठा टप्पा. त्या दीड वर्षाचा पैसा वेगळा धरलेला असायचा, आणि तो होता माणसांचा: आमचे पगार, एसटीची तिकिटं, रात्रीच्या बैठकांचा चहा. आजच्या भाषेत त्याला ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, म्हणून नाक मुरडतील. पण कित्येक गावं टिकली ती त्या चहावर, असं मला अजून वाटतं. पुढे देखभाल निधीही गावाच्या खात्यात राहिला, संस्थेच्या नाही.

आता पैसा येतो कुठून, ते भराभर सांगते. याचा कंटाळा मलाही आहे. परदेशी देणगी घ्यायची तर त्यासाठीच्या कायद्याखालची, एफसीआरए नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था पैसा आणून तुमच्यासारख्या दहा संस्थांना वाटायची. तो रस्ता बंद झाला. तुमच्याकडे एफसीआरए नसेल तर त्या दाराशी वेळ घालवू नका. मोठी संस्था स्वतः तुमच्या गावात येऊन खर्च करू शकते, पण मग खातं तिचं, माणसं तिची. तो सौदा डोळे उघडे ठेवून करा.

देशातला पैसा म्हणजे मुख्यतः सीएसआर, मोठ्या कंपन्यांनी समाजाच्या कामासाठी कायद्याने काढायचे सरासरी नफ्याचे २ टक्के. त्यासाठी आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी, अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ हा संस्थेचा नोंदणी क्रमांक लागतो. तुमच्याकडे तिन्ही आहेत असं प्रस्तावावरून दिसतं. एक गोष्ट मात्र पाठ करून जा. सीएसआर अधिकारी म्हणतील, 'प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्के'. तो ५ टक्क्यांचा नियम कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. २०२१ च्या नियमांतच तसं लिहिलंय. तुमच्या समन्वयकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. भांडू नका, नियमाची प्रत टेबलावर ठेवा. दुसरं म्हणजे, 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं पैसा देता येतो. मार्च अखेर सगळं संपवायची घाई हा बऱ्याचदा कायद्याचा दोष नसतो, सवयीचा असतो.

तिसरा प्रकार म्हणजे खासगी फाउंडेशनं आणि श्रीमंत कुटुंबं. हवामानाच्या कामासाठी ती एकत्र यावीत म्हणून २०२० मध्ये इंडिया क्लायमेट कोलॅबरेटिव्ह सुरू झालं. इथले लोक धोका घ्यायला सगळ्यांत मोकळे असतात, आणि भाषेच्या बाबतीत सगळ्यांत हट्टी.

त्या भाषेवरच येऊ. 'न्याय्य संक्रमण' कसं दाखवायचं? तुम्ही प्रस्तावात लिहिलंय, 'कोळसा जाऊन सौर ऊर्जा येईल व महिलांना रोजगार मिळेल.' हे कुणीही लिहील. वणीला बसून तुम्हाला जे दिसतं ते लिहा. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोत २०७० चं नेट-झिरोचं वचन दिलं. तुमच्या शेजारच्या चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या केंद्रात आज संध्याकाळीही कोळसा जळतोय आणि उद्याही जळणार आहे. पण खाण बंद व्हायला २०७० ची वाट बघायची नसते. कोळसा संपला की खाण संपते. तेव्हा कायम कामगाराची दुसऱ्या खाणीत बदली होते. त्याला पीएफ आहे, पेन्शन आहे. ठेकेदाराकडच्या ड्रायव्हरचं काय? ट्रकचा पंक्चरवाला, ड्रायव्हरांची खानावळ चालवणारी बाई, रोज सायकलीवरून कोळसा विकणारा? यांची नावं कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. तुमच्या गटांत या बायका आहेत. नऊ गावांत खाणीच्या आधाराने पण खाणीच्या पगाराशिवाय जगणारी घरं किती, ही यादी तुम्ही दीड महिन्यात करू शकता. ती हाती असेल तर फाउंडेशनचा माणूस तुमच्याकडे स्वतःहून येईल. इतका ठाम सल्ला मी क्वचितच देते.

आणि सौर ऊर्जा आपोआप न्याय्य असते असं मानू नका. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून आहे, आणि रात्री विंचू-सापात पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा त्याची किंमत. तीत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. गावाला तीन वर्षं वर्षाला ५ लाखांचं अनुदान. पण प्रकल्प गायरानावर आला तर शेळ्या कुठे न्यायच्या? मी पाहिलेल्या एका गावात अहवालात लिहिलं होतं, 'विस्थापित कुटुंबे: शून्य'. खरंच होतं ते, एकाही घराची वीट हलली नव्हती. अकरा बायकांनी मात्र त्या वर्षी शेळ्या विकल्या, कारण कुंपणाला वळसा घालून चारायला न्यायचं तर दिवसाची मजुरी बुडायची. ग्रामपंचायतीच्या अनुदानातून सिमेंटचा रस्ता झाला. हा हिशोब मांडणारं माणूस गावात हवं, आणि त्याचा पगार पुन्हा आवर्ती खर्चाच्या त्याच वादग्रस्त ओळीत.

आता तुमच्या नऊ गावांपुरतं सांगायचं तर देणगीपेक्षा मोठा पैसा तुमच्या जिल्ह्यातच पडून असू शकतो. २०१५ पासून खाणपट्टेधारकांना रॉयल्टी भरून वर आणखी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसे भरावे लागतात: १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, नंतरच्या लिलावातल्यांना १० टक्के. तो खाणबाधित गावांसाठीच आहे, आणि पिण्याचं पाणी, आरोग्य, कौशल्य विकास ही अग्रक्रमाची कामं आहेत. बहुतेक ठिकाणी मागणी जाते ती रस्त्यांची आणि इमारतींची, कारण त्यांची अंदाजपत्रकं करून देणारे लोक कलेक्टर कचेरीच्या बाहेरच उभे असतात. उपजीविकेचं अंदाजपत्रक करून देणारं कुणी नसतं. एका माणसाचा दोन वर्षांचा पगार देणगीतून मिळाला आणि त्याने नऊ ग्रामसभांचे ठराव, नकाशे, अंदाजपत्रकं पूर्ण करून प्रतिष्ठानाकडे नेली, तर देणगीच्या दर रुपयामागे कितीतरी पट सार्वजनिक पैसा गावात येऊ शकतो. देणाऱ्यांना हे वाक्य फार आवडतं. तुम्ही ते खरं करू शकता, म्हणून जरूर वापरा.

तर प्रस्ताव उलटा करा. गिरणी आणि ड्रायर बचत गटाच्या नावावर बँक कर्जातून घ्या. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख. आत्ता अर्ज घेत आहेत का, ते कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. फाउंडेशनकडे ३८ च्या जागी १८-२० लाख मागा, तीन वर्षांसाठी. त्यात दोन माणसांचे पूर्ण पगार. मघा सांगितलेली घरांची यादी. कर्जाचे पहिले सहा हप्ते बुडू नयेत म्हणून राखीव रक्कम, ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) खात्यात. बॅटरी आणि इन्व्हर्टर बदलाचा निधी, त्यात दर महिन्याला गिरणीच्या दळणातून पडणारी भर. आणि एक पान 'काय फसू शकतं' म्हणून. त्यात लिहा की ऐन पावसाळ्यात ड्रायर चालणार नाही, की पोरं शिकून पुण्याला जातील. ते पान असलेला प्रस्ताव मी नऊ वर्षांत मोजून तीनदा पाहिला, आणि तिन्ही मंजूर झाले.

प्रशिक्षणाबद्दल एक टोचणारं बोलते, राग मानू नका. 'वीस तरुणांना सोलर टेक्निशियन' हे दर दुसऱ्या प्रस्तावात असतं. तुमच्या नऊ गावांत वीस टेक्निशियनना पुरेल एवढं काम नाही. चार पोरं घ्या, त्यांना वर्षभर पगार द्या, आणि आसपासच्या शाळा, पाणीपुरवठा योजना, शेतपंप यांच्या दुरुस्तीची वार्षिक कंत्राटं मिळवून द्या. आकडा छोटा दिसेल. दिसू दे.

उन्हाळ्याचंही बघा. तुमच्या भागातला मे महिना मी काढलेला आहे. 'सेवा' (SEWA) या महिला कामगारांच्या संघटनेने दात्यांची मदत घेऊन असंघटित कामगार बायकांसाठी उष्णतेचा विमा आणला. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५०,००० बायका त्यात होत्या, आणि तापमान ठरलेल्या रेषेपार गेलं की पैसे थेट खात्यात. विमा काही सावली देत नाही, माझी त्याबद्दल कुरकुर आहे. पण वीटभट्टीवर नि कोळसा डेपोवर जाणाऱ्या बाईला दुपारी घरी थांबायची थोडी मुभा तो देतो. हे तुमच्या यादीला जोडता येईल. या वर्षी नको, पुढच्या.

नवीन बजेट झालं की मला दाखवा. पॅनेल धुण्याची ओळ त्यात हवीच, वणीच्या धुळीत आठवड्याला दोनदा तरी. त्या ओळीसमोर कुणाचं नाव घालायचं ते मात्र गटाच्या बैठकीत ठरू द्या. अध्यक्षबाईंचे गुडघे गेले तेव्हा त्यांच्या जागी मीच एक नाव सुचवलं होतं, समितीने ओळ काढली तरी आपण काही तरी जमवू म्हणून. त्या बाईला शिडीची भीती वाटत होती. मला हे सहा महिन्यांनी कळलं.